बंद पडलेल्या रात्रशाळेचा इतिहास कसा गोळा करायचा

माझे वडील लालबागमधल्या एका रात्रशाळेत शिकले. दिवसा गिरणीत बदली कामगार आणि संध्याकाळी साडेसहाला आठवीच्या वर्गात, तेव्हा वय एकोणीस. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत शाळा सोडल्याचा दाखला सापडला, पिवळा पडलेला, घडीवर सेलोटेप लावलेला, वर शाळेचा गोल शिक्का. त्या पत्त्यावर गेलो तर इमारत उभी होती, दिवसाची शाळाही चालू होती, पण इथे रात्री शाळा भरायची हे ऑफिसमधल्या कुणालाच माहीत नव्हतं. जिथे इतकी वर्षं माणसं कामावरून थेट येऊन बाकावर बसली तिथे त्याची साधी पाटीसुद्धा नाही, याचं मला खूप वाईट वाटलं आणि तेव्हाच ठरवलं की कुणी करत नाही तर आपण करू.

तीन वर्षं लागली. त्यातलं पहिलं वर्ष मी चुकीच्या क्रमाने काम केलं म्हणून वाया गेलं. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, शिवडी या भागात अशा रात्रशाळा बऱ्याच होत्या आणि त्यातल्या बऱ्याच आता नाहीत, म्हणजे माझ्यासारखा दाखला हातात धरून उभा असलेला अजून कुणीतरी असणारच, त्याच्यासाठी हे लिहितोय. तुमची शाळा दिवसाची असेल किंवा गावचं हायस्कूल असेल तरी यातलं निम्मं-अधिक लागू पडेल, फक्त उदाहरणं मी रात्रशाळेचीच देणार कारण मला तीच माहिती आहेत.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी वाचून घ्या, फार नाही, आठवडाभर पुरे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली तिथून हा धागा सुरू होतो. मुंबईत ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, लीगने कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग, वाचनालयं चालवली. आज ज्याला आपण ना. म. जोशी मार्ग म्हणतो तो जुना डिलाईल रोड, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलताना तुम्ही डिलाईल रोडच म्हणा, नाहीतर त्यांना क्षणभर कळत नाही कुठलं विचारताय. नंतर वेगवेगळ्या संस्थांनी, मंडळांनी एसएससीपर्यंतच्या रात्रशाळा काढल्या, बहुतेकांना स्वतःची इमारत नव्हती, दिवसाच्या शाळेचे किंवा पालिकेच्या शाळेचे वर्ग संध्याकाळी वापरायचे. हे ध्यानात ठेवा कारण पुढे कागद शोधताना याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो, शाळा एका संस्थेची आणि जागा दुसऱ्याची.

आधी माणसं, मग कागद

माझी चूक ही की मी आधी कागदांच्या मागे लागलो. अर्ज कर, ऑफिसात जा, साहेब नाहीत, उद्या या. त्या वर्षभरात वडिलांच्या वर्गातले दोघे गेले. त्यातले एक करी रोडला राहायचे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, आणि मी "कागद हातात आले की मग नीट तयारीने भेटू" असं म्हणत राहिलो. जे रजिस्टर चाळीस वर्षं कपाटात आहे ते अजून सहा महिने राहील, ऐंशी वर्षांचा माणूस राहीलच असं नाही. त्यामुळे आज हे वाचून झाल्यावर पहिला फोन माणसालाच करा.

माणसं शोधायची कुठे? गिरणगावातली माणसं आता गिरणगावात नाहीत हा मुख्य प्रश्न. चाळी पडल्या, टॉवर आले, कुणी डोंबिवलीला, कुणी बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याला, कुणी १९८२ च्या गिरणी संपानंतर कायमचं गावी. पण गावकीची मंडळं अजून टिकून आहेत. कोकणातल्या आणि घाटावरच्या जवळपास प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असायचं, गावकीच्या खोल्या असायच्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसं आणि जेवण खानावळवाल्या मावशींकडे. एका खोलीतला एक जण रात्रशाळेत गेला की मागोमाग चार जण जायचे. म्हणून "अमुक शाळेत कोण होतं" असं विचारत फिरण्यापेक्षा "तुमच्या गावच्या खोलीतलं कोण रात्री शाळेत जायचं" असं विचारा, एकदम सहा नावं मिळतात. मला एका मंडळाच्या सत्यनारायणाच्या पूजेत एका दुपारी जेवढी माणसं मिळाली तेवढी आधीच्या पाच महिन्यांत मिळाली नव्हती.

आणि शिपाई शोधा. शिक्षक बदलतात, रात्रशाळेचे शिक्षक तर बरेचदा दिवसा दुसऱ्या शाळेत नोकरी करून संध्याकाळी यायचे, मुख्याध्यापक निवृत्त होतात, पण शिपाई वीस-पंचवीस वर्षं तोच असतो. वर्गांना कुलपं त्यानेच लावलेली असतात, कोण उशिरा यायचं, कुणाला सर आत घ्यायचे, कोण शेवटच्या बाकावर डोकं टेकून झोपायचं आणि सर त्याला का उठवत नसत हे सगळं त्याला माहीत असतं. आमच्या शाळेचे शिपाईमामा मला गुहागर तालुक्यात सापडले, त्यांनी दोन दिवस बोलून जे सांगितलं त्यावर माझी अर्धी पुस्तिका उभी आहे.

विचारायचं कसं

"तुमचा शाळेचा अनुभव सांगा" असं विचारलंत की समोरचा भाषण करतो. शिक्षणाचं महत्त्व, सरांचे उपकार, दोन मिनिटांत संपतं. छोटं आणि हाताला लागेल असं विचारा. पाळी कुठली होती? गिरणीतून निघून शाळेत येईपर्यंत मधे काय खायचात? कपडे बदलायला वेळ मिळायचा का, की कापसाची तूस केसात तशीच? बाक दिवसाच्या लहान मुलांचे, त्यात गुडघे मावायचे का? पुस्तकं नवीन की जुनी? फी कोण भरायचं? घरी पैसे पाठवून हातात काय उरायचं? परीक्षेच्या वेळी खाडा कसा केलात?

पाळीचा प्रश्न तर विचाराच विचारा, त्यातून शाळेचा सगळा आकार कळतो. साधारण पहिली पाळी सकाळी सातला सुरू होऊन दुपारी साडेतीनला सुटायची, दुसरी साडेतीनपासून मध्यरात्रीपर्यंत, आणि तिसरी रात्रपाळी. म्हणजे पहिल्या पाळीचा माणूस शाळेत येऊ शकतो, रात्रपाळीचासुद्धा साडेनवाला शाळा सुटल्यावर जेवून कामावर जाऊ शकतो, पण दुसऱ्या पाळीवाल्याला शाळा नाही म्हणजे नाही. आणि बदलीवाल्याचं तर काही खरंच नाही, तो गेटवर उभा राहणार, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी काम मिळणार, पाळी कुठली ते त्याच्या हातात नाही. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर आठवी ते दहावी या तीन इयत्तांना पाच वर्षं दिसतात, मला लहानपणापासून वाटायचं ते नापास झाले असतील. त्यांच्या वर्गमित्रांनी सांगितलं की दोन वेळा सलग महिने दुसऱ्या पाळीची बदली मिळाली म्हणून हजेरी भरली नाही. ते कधीच नापास झाले नव्हते. ते स्वतः कधी बोलले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

रेकॉर्डिंग मोबाईलवर चालतं, भारी माइक वगैरे नको. फक्त फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा शक्य असेल तर बंद करा, फोन टेबलावर नको, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि त्यांची परवानगी आवाजातच घ्या, "मी हे रेकॉर्ड करतोय, नाव छापलं तर चालेल का" आणि त्यांचं हो किंवा नाही रेकॉर्डमध्येच येऊ द्या. घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला नाव द्या, नाव-तारीख असं, आणि दुसरीकडे कॉपी करून ठेवा. माझ्या दोन मुलाखती फोन बिघडल्यामुळे गेल्या, त्यातले एक काका नंतर आजारी पडले ते पुन्हा बोलू शकले नाहीत.

बायकांना विसरू नका. गिरणगावच्या जुन्या रात्रशाळांत मुली कमी दिसतात, पण नवऱ्याची अभ्यासासाठी वाट मोकळी व्हावी म्हणून जिने घर एकटीने ओढलं त्या बायकोला विचारा, खानावळवाल्या मावशींच्या मुलींना विचारा की शाळेत जाणाऱ्यांचं ताट बाजूला झाकून ठेवायचे का. नंतरच्या वर्षांत घरकाम करणाऱ्या बायका, दुकानात काम करणाऱ्या मुली रात्रशाळांत आल्या, तो शाळेचा दुसरा काळ आहे, तो पण तितकाच महत्त्वाचा.

साल कसं ठरवायचं

कुणालाही साल आठवत नाही, आणि आठवतं ते बरेचदा चुकतं, यात त्यांचा दोष नाही. घटनेला खुंटी बांधा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा शाळेत होता का? (११ डिसेंबर १९६७.) मुंबईत टीव्ही आला तेव्हा? (२ ऑक्टोबर १९७२.) जॉर्ज फर्नांडिसांच्या रेल्वे संपात शाळेत कसे जायचात? (मे १९७४.) आणीबाणी? गिरणी संप सुरू झाला तेव्हा कितवीत होतात? (१८ जानेवारी १९८२.) या प्रश्नांनी साल दोन-तीन महिन्यांच्या आत येतं.

परीक्षेची खुंटी सगळ्यात पक्की. म्हातारी माणसं सरसकट मॅट्रिक म्हणतात पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी मुंबई विद्यापीठाची खरी मॅट्रिक होती, १९४९ पासून एसएससी आली, १९६६ मध्ये महाराष्ट्राचं राज्य मंडळ झालं, आणि १९७५ पर्यंत एसएससी अकरावीला होती. १९७५ ला नव्या दहावीची पहिली बॅच बसली. त्यामुळे "मी अकरावी एसएससी" म्हणाले तर ते जुने, "दहावी" म्हणाले तर १९७५ किंवा त्यानंतरचे. जे मधोमध सापडले त्यांना तो गोंधळ अजून स्पष्ट आठवतो, पुस्तकं बदलली, सरांनाच नवा अभ्यासक्रम शिकून घ्यावा लागला, ते आवर्जून विचारा.

कागदावर तारीख नसेल तर पत्ता बघा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. लेटरहेडवर, हस्तपत्रिकेवर सहा आकडी ४०० ०१२ असेल तर तो कागद त्यानंतरचा. नुसतं "मुंबई १२" असेल तर मात्र खात्री नाही, कारण जुन्या सवयीने लोक नंतरही तसंच छापत राहिले.

कागद कुठे असतात

आता कागद. सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ, नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, कधी दाखल झाला, कुठल्या इयत्तेत, कधी सोडली आणि का सोडली. हजेरीपट, शिक्षकांचं मस्टर, फीच्या पावत्या काही वर्षांनी रद्दीत जातात पण जनरल रजिस्टर कायम जपायचं असतं, कारण कुणीही कधीही दाखल्याची दुसरी प्रत मागू शकतो. म्हणून शाळा बंद झाली तरी रजिस्टर कुणाच्या तरी ताब्यात दिलेलं असतंच असं धरून चाला. त्याच संस्थेची दुसरी शाळा असेल तर तिथे, नाहीतर जवळच्या शाळेत किंवा शिक्षण खात्याच्या ऑफिसात. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी शिक्षण निरीक्षकांची दक्षिण, उत्तर आणि पश्चिम अशी तीन ऑफिसं आहेत, जिल्ह्यात असाल तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक). तुमचा वॉर्ड कुणाकडे येतो ते आधी फोनवर विचारा आणि मगच जा.

सोपी युक्ती सांगतो. थेट "मला इतिहास लिहायचाय, रजिस्टर दाखवा" म्हटलं की कुणीच दाखवत नाही. घरातल्याच माणसाच्या दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी रीतसर अर्ज करा, त्यांच्या दाखल्यावरचा रजिस्टर नंबर द्या. दाखला देण्यासाठी त्यांना रजिस्टर शोधावंच लागतं, आणि एकदा ते कुठे आहे कळलं की पुढचं बोलणं सोपं. मी असंच केलं. रजिस्टरं सहा होती, तीन मिळाली, बाकीची एका पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा गेली असं सांगितलं.

रजिस्टर समोर आलं की नावांच्या मागे लागू नका. "शाळा सोडण्याचे कारण" हा रकाना वाचा, शाळेचा खरा इतिहास तिथे आहे. उत्तीर्ण होऊन गेलेले थोडे असतात. "सतत गैरहजर", "गावी गेला", "कामाची वेळ बदलली", "नाव कमी केले" हेच जास्त. मी दर वर्षाची कारणं एका वहीत उभ्या रेघा मारून मोजत गेलो. जानेवारी १९८२ पर्यंत ओळी नेहमीसारख्या आणि मग त्या उन्हाळ्यापासून पानंच्या पानं "गावी गेला, गावी गेला, सतत गैरहजर". अडीच लाख कामगार संपावर गेले हे आपण वाचलेलं असतं, पण एका शाळेच्या एका रजिस्टरमध्ये एकाच कारकुनाच्या अक्षरात एकाखाली एक ते शब्द बघितले तेव्हा मला पुढे मोजता येईना, वही मिटून बाहेर जाऊन बसलो. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही आणि त्या रजिस्टरमधली ती माणसंही परत आली नाहीत.

म्हणून माझं ठाम मत आहे की इतिहास फक्त पास झालेल्यांचा लिहू नका. बहुतेक स्मरणिकांमध्ये कोण मॅनेजर झाला, कोण पोलीस इन्स्पेक्टर झाला एवढंच असतं. जो सातवी-आठवीत दोन वर्षं येऊन सही करायला, पगाराची स्लिप वाचायला शिकला आणि मग येऊ शकला नाही, त्याच्यासाठी पण ती शाळा होती.

बाकीचे कागद मिळवायला माहितीचा अधिकार वापरा. अर्ज जोडपत्र अ मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय, त्यामुळे सगळं एकदम मागू नका, वेगवेगळे अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस, झेरॉक्स पानाला दोन रुपये. नावं मागू नका, खाजगी माहिती म्हणून नाकारतात आणि ते बरोबरच आहे. मागायचं ते हे: शाळेला मान्यता दिल्याचा आदेश, वर्षवार पटसंख्या, संचमान्यता, तपासणी अहवाल आणि शाळा बंद करण्याचा आदेश. संचमान्यता हा शब्द अर्जात जरूर टाका, त्यात किती विद्यार्थी, किती तुकड्या, किती शिक्षकपदं मंजूर हे वर्षवार येतं आणि शाळा कशी आकसत गेली ते त्यातूनच समजतं. तपासणी अहवाल मिळाला तर नशीब, माझ्याकडे दोनच आले, पण त्यातल्या एकात "दिव्यांची सोय अपुरी" असं लिहिलेलं वाचून शिपाईमामांनी सांगितलेली गोष्ट पक्की झाली की शेवटच्या वर्गात एकच बल्ब होता आणि मुलं बाक ओढून त्याच्या खाली बसायची.

संस्थेचे कागद धर्मादाय आयुक्तांकडे, मुंबईचं ऑफिस वरळीला ॲनी बेझंट रोडवर. जुन्या संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या असतात, नोंदणी क्रमांक बहुधा "एफ" ने सुरू होतो. तो क्रमांक शाळेच्या लेटरहेडवर किंवा जुन्या पावतीवर सापडतो. परिशिष्ट एक आणि बदल अर्ज यांच्या प्रती मागा. कुठल्या साली कोण विश्वस्त होते, कधी बदलले, जागा कुणाची, हे त्यात दिसतं. जागेवरून भांडण झालेलं असेल तर ते पण दिसेल. आमच्या बाबतीत झालं होतं, आणि दोन्ही बाजूची माणसं अजून हयात आहेत, म्हणून मी फक्त कागदावर आहे तेवढंच लिहिलं आणि कोण बरोबर ते ठरवायला गेलो नाही, तुम्हीही तसंच करा.

वर्तमानपत्रांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ते १८९८ पासूनचं आहे. 'नवाकाळ' १९२३ पासून, 'लोकसत्ता' १९४८ पासून, 'मराठा' १९५६ पासून, कामगारवस्तीच्या बातम्या 'नवाकाळ' आणि 'मराठा'त जास्त मिळण्याची शक्यता. पण नुसतं चाळत बसू नका, महिने जातील. आधी मुलाखतीतून तारीख काढा, मग त्याच्या पुढे-मागे पंधरा दिवसांचे अंक बघा. एसएससीच्या निकालाचे बैठक क्रमांक पेपरात छापून यायचे, कुणाकडे हॉलतिकीट जपून ठेवलेलं असेल तर त्याचा नंबर शोधून त्या पानाचा फोटो त्याला नेऊन द्या. मी एका काकांना दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग नातवाला हाक मारून तो नंबर दाखवला.

फोटोंबद्दल थोडक्यात. निरोप समारंभाचा ग्रुप फोटो प्रत्येक बॅचला एक तरी असतोच. अल्बममधून ओढून काढू नका, फाटतो. स्कॅन करता आला तर ६०० डीपीआयला करा, नाहीतर खिडकीजवळ उजेडात मोबाईलने काढा, आणि मागच्या बाजूचा पण काढा, नावं मागे लिहिलेली असतात. व्हॉट्सॲपवर मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा, साधा पाठवला की बारीक होऊन येतो आणि मागच्या रांगेतले चेहरे जातात.

शाळा सुरू कधी झाली, बंद कधी झाली

हे दोन प्रश्न सोपे वाटतात पण यावरच सगळ्यात जास्त वाद होतात. एक तारीख शोधत बसू नका कारण ती नसतेच. सुरुवातीच्या तीन तारखा असतात, वर्ग प्रत्यक्ष भरायला लागले ती, सरकारी मान्यता मिळाली ती, आणि अनुदान सुरू झालं ती. आमच्याकडे शिक्षक अनुदानाचं साल सांगायचे कारण त्यांचा पगार तेव्हा सुरू झाला, संस्थेची माणसं मान्यतेचं, आणि पहिल्या बॅचचे लोक त्याच्याही आधीचं, जेव्हा व्यायामशाळेच्या खोलीत कंदिलावर वर्ग भरायचा. तिघंही खरं बोलत होते. तिन्ही तारखा लिहा.

बंद होण्याच्याही तशाच तीन. नवीन प्रवेश थांबले, शेवटची दहावीची बॅच बसली, आणि आदेश निघाला.

कारण विचारलंत तर प्रत्येक जण एकच सांगतो, "गिरण्या गेल्या". ते खरं आहे पण पुरेसं नाही. संपानंतर गिरणीतली मुलं कमी झाली पण त्यांच्या जागी हॉटेलातली पोरं, पेपर टाकणारी, कुरिअरवाली, ऑफिसातले शिपाई येत होते, आमची शाळा संपानंतरही कितीतरी वर्षं चालली. मग वस्ती उठली, गरीब माणूस दूर उपनगरात राहायला गेला आणि रात्री साडेनवाला शाळा सुटून त्याला विरारची गाडी पकडायची, ते जमेना. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा आला, चौदा वर्षांखालची मुलं दिवसाच्या शाळेतच पाहिजेत, ते योग्यच आहे, पण खालचे वर्ग रिकामे झाले. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, त्यामुळे रोज वर्गात येण्याची गरज वाटेनाशी झाली. आणि दिवसा एका शाळेत नोकरी करून रात्री शिकवणाऱ्या शिक्षकांना कमी करणारा १७ मे २०१७ चा शासन निर्णय आला, तेव्हा ज्या रात्रशाळा चालू होत्या त्यातल्या अनेकांचे अनुभवी शिक्षक एकदम गेले. तुमच्या शाळेला यातलं काय किती लागू पडलं ते पटसंख्येच्या आकड्यांवर ताडून बघा. पट कुठल्या वर्षी घसरला ते आधी बघायचं आणि मग त्या वर्षी काय झालं ते शोधायचं, उलटं केलं तर आपल्याला हवं ते कारण आपण चिकटवतो.

लिहिताना आणि छापताना

रजिस्टरमधली जात, जन्मतारीख, नापास झाल्याची नोंद कुणाच्याही नावासकट छापू नका, रजिस्टरच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. मी पहिल्या उत्साहात एक पान टाकलं होतं, एका माणसाच्या मुलाचा फोन आला की वडिलांनी आम्हाला सांगितलं होतं ते दहावी पास आहेत. मी लगेच काढलं, माफी मागितली, पण झालं ते झालं. आकडे छापा, नाव फक्त ज्याने होकार दिला त्याचंच.

मुलाखतीतली भाषा तशीच ठेवा. मालवणी, संगमेश्वरी, कोल्हापुरी जशी आली तशी, शुद्ध करायला जाऊ नका. दोन माणसांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली तर दोन्ही छापा.

टाइप करताना युनिकोडमध्ये करा. डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टमध्ये करून देतात, पुस्तिका छान दिसते पण पुढे त्या पीडीएफमध्ये एक नाव शोधता येत नाही, हे आधीच ठरवून घ्या. आम्ही ऐंशी पानांची पुस्तिका केली, वर्गणी काढून, शंभर प्रती. वीस प्रती बाजूला काढल्या, वाचनालयांना, ज्या इमारतीत शाळा भरायची तिथल्या दिवसाच्या शाळेला, आणि मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला एक, पोस्टाने नाही, हातात नेऊन. ज्यांना आता वाचता येत नाही, डोळ्यांमुळे, त्यांना त्यांचं पान वाचून दाखवा, त्यात अर्धा दिवस जातो पण तिथेच राहिलेल्या चुका सापडतात.

आणि शेवटची चार पानं कोरी सोडा, वर फक्त "राहिलेली नावं" असं छापून. शिपाईमामांकडे प्रत घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी तीच पानं उघडली आणि माझ्याकडे पेन मागितलं. त्यांनी अकरा नावं लिहिली, त्यातलं एकही माझ्या तीन रजिस्टरांत नव्हतं. ती आता दुसऱ्या आवृत्तीत आहेत, आणि त्यातल्या सातव्या नंबरच्या माणसाचा शोध सध्या देवरुखच्या बाजूला चालू आहे.